गाइड-सीकची ऑफ-टार्गेट यादी दर वेळी वेगळी येतेय? एन्झाइमला दोष देण्याआधी हे तपासा

मागच्या दीड वर्षात हा प्रॉब्लेम आमच्याकडे चार वेळा आला, आणि प्रत्येक वेळी वाटलं की आता सुटला, मग दोन महिन्यांनी परत तेच. म्हणून आता सगळं एका जागी लिहून ठेवतोय. पुण्यातली छोटी लॅब आहे आमची, कॅस९ (डीएनए कापणारं क्रिस्पर एन्झाइम) वापरून पेशींमधे जिनोम एडिटिंग करतो, आणि कुठलाही गाइड (कॅस९ला कापायची जागा दाखवणारा आरएनए) पुढच्या कामाला घ्यायच्या आधी तो नको तिथे, म्हणजे ऑफ-टार्गेट, किती कापतो हे मोजतो. त्यासाठी गाइड-सीक वापरतो, २०१५ साली आलेली पद्धत आहे.

लक्षणं अशी. ऑन-टार्गेट, म्हणजे हव्या त्या जागी, एडिटिंग मस्त, ६०-७० टक्के इंडेल (कापलेली जागा जोडताना बेस गळणं किंवा वाढणं). सगळे खूश. मग गाइड-सीक केलं की पहिल्या रेप्लिकेटमधे (तोच प्रयोग परत केलेला) ३१ साइट्स, दुसऱ्यात १९, आणि दोन्हीत कॉमन फक्त ७. तीच पेशी, तोच गाइड, तेच एन्झाइम, एकाच दिवशी केलेलं इलेक्ट्रोपोरेशन (विजेच्या झटक्याने हे सगळं पेशीत घालणं). त्यावर मीटिंगमधे कुणीतरी म्हणतं की हे एन्झाइमच बेभरवशाचं आहे, दुसरं व्हेरिएंट मागवू. थांबा. एन्झाइम रोज वेगळं वागत नाही हो. वेगळं वागतंय ते आपलं मोजमाप.

ज्यांनी हे केलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. पेशीत कॅस९ आणि गाइडबरोबर एक ३४ बेसचा डबल स्ट्रँडेड डीएनएचा तुकडा, म्हणजे टॅग, सोडायचा. जिथे जिथे जिनोम कापला जातो तिथे दुरुस्ती होताना काही वेळा हा टॅग मधे शिवला जातो. नंतर डीएनए काढायचा, सोनिकेटरवर साधारण ५०० बेसचे तुकडे करायचे, अडॅप्टर (सिक्वेन्सिंगला लागणारा ठरावीक डीएनए) जोडायचा आणि टॅगमधल्या प्रायमरने दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या ट्यूबमधे पीसीआर करून सिक्वेन्सिंगला द्यायचं. टॅगच्या शेजारी जो जिनोम वाचला जाईल ती कापलेली जागा. कल्पना सुंदर आहे, पण तिच्यात गोष्टी गमवायच्या जागाही भरपूर आहेत.

सगळ्यात आधी, सिक्वेन्सिंगचे पैसे घालवायच्या आधी, टॅग आत गेलाय का ते बघा. हे बघायला काहीच लागत नाही. टॅगच्या मधोमध सीएटीएटीजी हा क्रम आहे, म्हणजे एनडीई-वन एन्झाइमची जागा. ऑन-टार्गेट भागाचा पीसीआर करा, एनडीई-वनने कापा, जेलवर चालवा. टॅग गेला असेल तर कापलेले दोन बँड दिसतील (तुमच्या मूळ अॅम्प्लिकॉनमधेच, म्हणजे पीसीआरने वाढवलेल्या तुकड्यात, एनडीई-वनची जागा नाही ना, ते आधी बघून घ्या). मग त्याच नमुन्याच्या एकूण इंडेलशी तुलना करायची. आमच्याकडे आता नियम आहे, टॅग असलेले अॅलील (त्या जागेच्या डीएनए कॉपी) इंडेलच्या एक तृतीयांशपेक्षा कमी असतील तर लायब्ररी (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेला डीएनए) बनवायचीच नाही. हा आमच्या हाताचा, आमच्या पेशींचा आकडा आहे, तुमचा थोडा वेगळा निघेल, पण काहीतरी आकडा ठरवा आणि त्याखाली पुढे जाऊ नका. इंडेल ७० टक्के आणि टॅग ४ टक्के अशा नमुन्यावर गाइड-सीक करायचं म्हणजे फाटक्या जाळ्याने मासे धरायचे आणि वर म्हणायचं की नदीत मासेच नाहीत.

आमचा टॅग का जात नव्हता? पहिल्या वेळचं कारण इतकं साधं होतं की आठवलं की अजून वाईट वाटतं. टॅगचे दोन ऑलिगो, म्हणजे एकेरी डीएनएचे तुकडे, वेगवेगळे येतात, ते आपण जोडून डबल स्ट्रँड बनवतो. नवीन आलेल्या मुलीने प्रोटोकॉलमधे ‘पाण्यात विरघळवा’ वाचलं आणि पाण्यातच तापवून थंड केलं. मीठच नाही बफरमधे. मिठाशिवाय दोन स्ट्रँड एकमेकांना नीट धरत नाहीत, दोन्हीवर निगेटिव्ह चार्ज असतो, त्यामुळे ट्यूबमधे बराचसा सिंगल स्ट्रँड राहिला. तिची चूक नव्हती, आमच्याच लिहून ठेवलेल्या प्रोटोकॉलमधे ती ओळ अर्धवट होती. आता आम्ही ५० मिलिमोलर सोडियम क्लोराइड असलेल्या बफरमधे करतो, ९५ डिग्रीपासून हळूहळू खाली आणतो, आणि प्रत्येक बॅच जेलवर सिंगल स्ट्रँडच्या शेजारी चालवून बघतो. दुसरी गोष्ट, टॅगच्या चारही टोकांना फॉस्फोरोथायोएट बाँड आणि ५ प्राइम टोकाला फॉस्फेट पाहिजे. ऑर्डर देताना एखादा बाँड राहिला तर पेशीतले एक्झोन्यूक्लिएज टोकं कुरतडून टाकतात आणि टॅग बसायच्या आधीच संपतो. ऑर्डरची शीट उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कॅटलॉगवर विश्वास ठेवू नका.

आणि टॅग वाढवला की जास्त बसेल म्हणून दुप्पट घालू नका. बाहेरचा डबल स्ट्रँडेड डीएनए पेशींना मानवत नाही, हेक२९३टी किंवा यू२ओएस या लॅबमधे कायम वाढवलेल्या पेशी सहन करतात पण प्रायमरी, म्हणजे थेट माणसाकडून घेतलेल्या, टी सेल्स आणि ब्लड स्टेम सेल्स बऱ्याच मरतात. मग जिवंत राहिलेल्या पेशींमधे टॅग कमी गेलेल्याच जास्त असतात आणि तुम्हाला वाटतं टॅग बसत नाहीये. त्याबद्दल पुढे बोलतो.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. रेप्लिकेट जुळत नाहीत याचं आमच्याकडचं सगळ्यात मोठं कारण रीड्सची (सिक्वेन्सरने वाचलेल्या तुकड्यांची) संख्या नव्हतं, ट्यूबमधल्या डीएनएची मात्रा होतं. आम्हाला पंधरा-वीस लाख रीड्स मिळत होत्या, त्यामुळे सेन्सिटिव्हिटी भरपूर आहे अशी खात्री होती. पण रीड म्हणजे मॉलिक्यूल नाही. एकाच मॉलिक्यूलच्या हजार कॉपी वाचल्या तरी तो मॉलिक्यूल एकच.

हिशोब कागदावर करून बघा, डोळे उघडतात. माणसाच्या हॅप्लॉइड जिनोमचं (क्रोमोसोमचा एकच संच) वजन साधारण ३.३ पिकोग्रॅम. आमच्याकडे डीएनए कमी निघायचा म्हणून आम्ही ५० नॅनोग्रॅमवर लायब्ररी बनवत होतो, म्हणजे साधारण १५,००० कॉपी. समजा एखाद्या ऑफ-टार्गेटवर ०.१ टक्के अॅलीलमधे टॅग बसलाय. १५,००० चा ०.१ टक्का म्हणजे १५ मॉलिक्यूल. प्लस आणि मायनस दिशेसाठी डीएनए दोन ट्यूबमधे वाटला, एका ट्यूबमधे सात-आठ. अडॅप्टर लायगेशन आणि बीड्सच्या धुण्यात दहातला एक टिकला असं धरा, तर उरला एकसुद्धा नाही. मग ही साइट एका रेप्लिकेटमधे दिसते आणि दुसऱ्यात नाही यात नवल काय? सरासरी एक मॉलिक्यूल अपेक्षित असेल तेव्हा शून्य मिळायची शक्यता ३७ टक्के असते. सरासरी तीन असेल तर शून्याची शक्यता ५ टक्क्यांवर येते. मूळ पद्धतीत ४०० नॅनोग्रॅम डीएनए घेतात ते उगाच नाही, त्यात साधारण १,२०,००० हॅप्लॉइड कॉपी येतात आणि तोच ०.१ टक्क्याचा साइट १२० मॉलिक्यूलने सुरू होतो.

आमच्या ३१ आणि १९ च्या यादीत जे ७ कॉमन होते ते सगळे वरच्या ताकदीचे साइट होते. बाकीचे बहुतेक एक-दोन मॉलिक्यूलवर उभे होते. म्हणजे दोन्ही रेप्लिकेट आपापल्या परीने खरं बोलत होते, आम्हीच त्यांच्याकडून जे दिसणं शक्य नव्हतं ते मागत होतो. डीएनए ४०० नॅनोग्रॅम घेतला, दोन लायगेशन समांतर करून एकत्र केले, आणि कॉमन साइट्सची संख्या एकदम वाढली. एन्झाइम तेच. डीएनए कमी निघत असेल तर इलेक्ट्रोपोरेशनच दोन-तीन करा आणि एकत्र करा, पीसीआरचे सायकल वाढवून हा खड्डा भरत नाही.

मॉलिक्यूल मोजायचे कसे? यूएमआय. अडॅप्टरमधे आठ बेसचा रँडम बारकोड असतो, म्हणजे ६५,५३६ प्रकार, आणि त्यावरून एका मूळ मॉलिक्यूलच्या सगळ्या कॉपी ओळखून एकात मोजता येतात. इथे आमचा दुसरा घोळ झाला आणि तो इतक्या लॅबमधे होताना पाहिलाय की मुद्दाम सांगतो. या लायब्ररीत दुसरा इंडेक्स रीड (सँपलची ओळख वाचणारा छोटा रीड) १६ बेसचा असतो, ८ सँपलचा बारकोड आणि ८ यूएमआय. सिक्वेन्सिंग करून देणारे नेहमीप्रमाणे ८+८ वर रन लावतात. डेटा येतो, क्वालिटी उत्तम, सँपल नीट वेगळे झालेले, आणि यूएमआय गायब! नंतर तो परत मिळवायचा काही मार्ग नाही. ज्यांनी आमचा रन केला त्यांना आम्ही फोनवर सांगितलं होतं, पण फॉर्ममधे लिहिलं नव्हतं, आणि रन लावणारा माणूस फॉर्म बघतो. आता आम्ही फॉर्मवर, ट्यूबच्या डब्यावर आणि ईमेलमधे तिन्हीकडे लिहितो, इंडेक्स एक ८ सायकल, इंडेक्स दोन १६ सायकल, आणि इंडेक्सच्या फास्टक्यू फाइल्ससुद्धा द्या. कारण त्या फाइल्स डिफॉल्टने बऱ्याचदा दिल्याच जात नाहीत.

यूएमआय आले की मग एक कॉलम रीड्सचा आणि एक युनिक मॉलिक्यूलचा असे शेजारी ठेवून यादी बघा. ज्या साइटला ८,००० रीड्स आणि २ मॉलिक्यूल आहेत त्या साइटवर मी तरी काही ठरवणार नाही.

तिसऱ्या वेळी भूत आलं. खरंच त्याला लॅबमधे तेच नाव पडलं. आमचा गाइड ११ नंबरच्या क्रोमोसोमवर बीटा ग्लोबिन भागात कापतो. यादीत वरून दुसऱ्या नंबरवर साइट कुठली, तर ६ नंबरच्या क्रोमोसोमवरचं व्हीईजीएफए जीन. बरोबर तिथेच जिथे आमचा पॉझिटिव्ह कंट्रोल (पद्धत चालते का बघायला घेतलेला) गाइड कापतो. गाइडच्या क्रमाशी तर काही संबंधच नाही. संध्याकाळी उशिरापर्यंत बसून आम्ही त्या जागेचा क्रम गाइडशी जुळवायचा प्रयत्न करत होतो, मिसमॅच (न जुळणारे बेस) वाढवून, बल्ज (जास्तीचा किंवा कमी बेस) धरून, आणि शेवटी आमच्या ज्युनियरने विचारलं, “दादा, ही साइट पाण्याच्या कंट्रोलमधे पण आहे का बघू?” होती. डीएनए न घातलेल्या पाण्यात!

विचार केला तर उघड आहे. गाइड-सीकमधे टॅग प्रत्येक वेळी तोच, प्रायमर तेच. म्हणजे मागच्या सहा महिन्यांत बनवलेली प्रत्येक लायब्ररी ही पुढच्या प्रत्येक पीसीआरसाठी तयार टेम्प्लेट आहे. ट्यूब उघडताना उडालेला एक थेंब, पिपेटच्या आत बसलेला एरोसोल, एवढं पुरतं. आणि व्हीईजीएफएचे गाइड पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लोक वापरतातच मुळी त्यांचे ऑफ-टार्गेट भरपूर म्हणून, २०१५ च्या मूळ कामात त्यातल्या दुसऱ्या साइटच्या गाइडला दीडशेच्या आसपास ऑफ-टार्गेट सापडले होते. म्हणजे त्याच्या कंटॅमिनेशनने एकच खोटी साइट येत नाही, ओळीने येतात. उपाय नवीन काही नाही, फक्त पाळले पाहिजेत. पीसीआर लावायची जागा आणि पीसीआर झालेली ट्यूब उघडायची जागा वेगळ्या खोल्यांत, फिल्टर टिप, पिपेटचा वेगळा सेट, प्रत्येक बॅचमधे डीएनए नसलेला कंट्रोल आणि तो सिक्वेन्सिंगपर्यंत न्यायचा, फक्त जेलवर बघून फेकायचा नाही. पॉझिटिव्ह कंट्रोल आम्ही आता दुसऱ्या दिवशी, शेवटी करतो.

पण पीसीआरची खोली स्वच्छ असूनही असंच दिसत असेल तर इंडेक्स हॉपिंग बघा. नव्या पॅटर्न्ड फ्लोसेलच्या मशीनवर एका सँपलच्या रीड्स थोड्या प्रमाणात दुसऱ्या सँपलच्या नावावर जातात. ओळखायचं कसं, तर खोटी साइट त्याच रनमधल्या कुठल्यातरी सँपलमधे प्रचंड मोठी असेल आणि तिचे यूएमआय तिथल्याशी जुळतील. युनिक ड्युअल इंडेक्स वापरले की हे बऱ्यापैकी आटोक्यात येतं.

कंट्रोलवरून अजून एक. ‘फक्त टॅग, न्यूक्लिएज नाही’ हा कंट्रोल आम्ही सुरुवातीला पैसे वाचवायला सोडून द्यायचो. नका सोडू. पेशीत कॅस९ नसतानाही डीएनए तुटत असतो आणि काही जागा वारंवार तुटतात, सेंट्रोमियर-टेलोमियरच्या आसपास विशेष, टॅग तिथेही बसतो. त्यात भर म्हणजे प्रायमर कधीकधी टॅग नसलेल्या, पण टॅगसारख्या दिसणाऱ्या जिनोमच्या जागी चिकटतो. मूळ डिझाइनमधे नेस्टेड (दुसऱ्या फेरीचा, आतला) प्रायमर जवळजवळ टॅगच्या टोकापर्यंत पोचतो, त्यामुळे रीडमधे टॅगचा असा वेगळा भाग फारसा उरतच नाही ज्यावरून सांगता येईल की खरंच टॅग होता की प्रायमरच चुकीचा बसला. २०१९ मधे आय-गाइड नावाची सुधारणा आली ती याच्यावरच, टॅग लांब केला म्हणजे प्रायमरच्या पुढे टॅगचे बेस वाचता येतात. आता अशा शेकडो-हजारो खोट्या जागा आणि सॉफ्टवेअरमधे सहा-सात मिसमॅचपर्यंत चालेल असं सेटिंग, तर निव्वळ योगायोगाने काही जागा गाइडशी ‘जुळतात’. त्या दर वेळी वेगळ्या येतात. तुमच्या यादीच्या शेपटीत सहा-सात मिसमॅचच्या, एकाच दिशेने रीड्स असलेल्या साइट्स गर्दी करून असतील तर बहुतेक ह्याच. खऱ्या साइटवर प्लस-मायनस दोन्ही बाजूंनी रीड्स असतात आणि त्या कापायच्या जागेवर, म्हणजे पामच्या (कॅस९ला कापायला लागणारा शेजारचा छोटा क्रम) तीन बेस आधी, येऊन भिडतात. आयजीव्हीत (रीड्स जिनोमवर मांडून दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून एकेक डोळ्यांनी बघा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण एक दुपार लागते.

कंट्रोलचं महत्त्व उगाच वाढवून सांगितलंय असं ज्यांना वाटतं त्यांनी २०१७ आठवावं. त्या वर्षी एका मोठ्या जर्नलमधे पेपर आला की क्रिस्परने उंदरांमधे शेकडो अनपेक्षित म्युटेशन केलेत. जगभर बातम्या झाल्या, कंपन्यांचे शेअर पडले. अभ्यासात एडिट केलेले उंदीर दोन आणि कंट्रोल उंदीर एक. एकमेव कंट्रोल असल्याने हे फरक एडिटिंगमुळे आलेत की त्या उंदरांमधे आधीपासूनच होते, हे वेगळं करता येत नव्हतं. २०१८ मधे पेपर मागे घेतला गेला. त्या दोन उंदरांत सापडलेले फरक खरेच होते, मोजणं चुकलं नव्हतं, तुलना कुणाशी करायची तेच चुकलं.

यादी नीट आली की प्रत्येक साइट वेगळ्या पद्धतीने पक्की करायची. इथे टी७ई१ (न जुळणारा डीएनए कापून जेलवर बघायची चाचणी) वापरू नका. दोनेक टक्क्यांच्या खालचं त्यात दिसत नाही, आणि त्या जागी पेशीत नैसर्गिक एसएनपी (एका बेसचा फरक) असेल तर कंट्रोलमधेही कापतं. ऑन-टार्गेटला पटकन बघायला ठीक आहे, ऑफ-टार्गेटला अॅम्प्लिकॉन सिक्वेन्सिंग. त्यातही मॉलिक्यूलचा हिशोब परत तोच. १० नॅनोग्रॅम डीएनए म्हणजे ३,००० कॉपी, त्यात ०.१ टक्का म्हणजे ३ मॉलिक्यूल, मग एक लाख रीड्स घेऊन ०.०१ टक्क्यापर्यंत मोजलं असं लिहायचं कसं? त्या ट्यूबमधे ०.०१ टक्का असूच शकत नाही. तिथपर्यंत जायचं तर १०० नॅनोग्रॅम तरी प्रत्येक अॅम्प्लिकॉनला पाहिजे. आणि कापायच्या जागेशेजारी ए किंवा सीची लांब ओळ असेल तर पीसीआर स्वतःच तिथे एखादा बेस गाळतो, कंट्रोलमधेही तेवढाच दिसतो. क्रिस्प्रेसो२ (रीड्समधले इंडेल मोजणारं सॉफ्टवेअर) चालवताना कंट्रोलचा नमुना त्याच प्रायमरने, त्याच रनमधे असला पाहिजे, मागच्या वर्षीचा चालत नाही.

बीटा ग्लोबिनवर काम करणाऱ्यांसाठी खास. शेजारीच, काही हजार बेसवर, डेल्टा ग्लोबिन आहे आणि दोघांचे क्रम फार सारखे आहेत. डेल्टामधल्या ऑफ-टार्गेटसाठी केलेले प्रायमर बीटामधल्या ऑन-टार्गेटलाही पकडत असतील तर तिथलं ७० टक्के एडिटिंग गळून इकडच्या खात्यात येतं आणि तुम्हाला वाटतं ऑफ-टार्गेट भयंकर आहे. रीडमधे कापायच्या जागेपासून लांबचे फरकाचे बेस बघून दोन्ही वेगळे करा. आणि एकाच वेळी दोन्हीकडे कापलं तर मधला सगळा तुकडा गळतो, तो छोट्या अॅम्प्लिकॉनमधे दिसणारच नाही कारण प्रायमरची एक जागाच गेलेली असते. त्यासाठी दोन्ही टोकांना प्रायमर ठेवून जंक्शनचा वेगळा पीसीआर करावा लागतो.

प्रायमरी पेशींबद्दल मगाशी म्हटलं. टॅग सहन होत नसेल तर दुसरा रस्ता म्हणजे पेशीबाहेर, काढलेल्या डीएनएवर कापणं. डायजिनोम-सीक २०१५ चं, सर्कल-सीक २०१७ चं, चेंज-सीक २०२० चं. यात यादी मोठी येते, कधीकधी फारच मोठी, कारण क्रोमॅटिन (डीएनए गुंडाळणारी प्रोटीनची रचना) नाही, एन्झाइम भरपूर, जे कापता येईल ते सगळं कापलं जातं. त्या यादीला घाबरू नका आणि तिलाच निकालही समजू नका, ती उमेदवारांची यादी आहे. निकाल त्या पेशीतल्या अॅम्प्लिकॉनचा. २०१९ ची डिस्कव्हर-सीक वेगळी, ती पेशीचंच दुरुस्तीचं प्रोटीन एमआरई११ कुठे जमा झालं ते बघते, टॅग लागत नाही, पण पेशी खूप लागतात आणि वेळ अचूक पकडावी लागते, उशीर झाला की प्रोटीन निघून गेलेलं असतं.

एन्झाइमची तुलना करणाऱ्यांना एकच विनंती. हाय-फिडेलिटी (नको तिथे कमी कापणारे) व्हेरिएंट, २०१६ चे ईएसपीकॅस९ किंवा एचएफ१, किंवा दिल्लीच्या आयजीआयबी या संशोधन संस्थेत ज्यावर काम झालं ते एफएनकॅस९, यांची साध्या कॅस९शी तुलना करताना आधी दोघांचं ऑन-टार्गेट सारखं आहे का ते बघा. ऑन-टार्गेटच ७० वरून २० वर आलं असेल तर ऑफ-टार्गेट गायब होणारच, ती स्पेसिफिसिटी नाही, ती ताकद कमी झाली. आणि एचएफ१सारख्यांना गाइडच्या सुरुवातीला प्रमोटरसाठी जोडलेला जास्तीचा जी बेस खपत नाही, क्रम जुळला नाही की काम एकदम पडतं. मग लोक लिहितात व्हेरिएंट चालत नाही. गाइड बदलून बघा.

शेवटची गोष्ट जी ट्रबलशूटिंगच्या यादीत कुणी लिहीत नाही, पण माझ्या मते लिहिली पाहिजे. आपण साइट शोधतो ते रेफरन्स जिनोमवर (सगळे तुलनेला वापरतात तो नमुना जिनोम). पेशी ज्या माणसाच्या आहेत त्याच्या डीएनएत एखादा बेस वेगळा असेल तर तिथे नवा पाम तयार होऊ शकतो, आणि ती साइट रेफरन्समधे नाहीच. हे कल्पनेतलं नाही. सिकलसेलच्या उपचारासाठी बीसीएल११ए जीनच्या एन्हान्सरवर (जीनचं काम वाढवणारा भाग) कापणारा जो गाइड आहे त्याच्या बाबतीत २०२३ मधे दाखवलं गेलं की आफ्रिकी वंशाच्या लोकांत साधारण ४.५ टक्के फ्रिक्वेन्सीने आढळणारं एक व्हेरिएंट सीपीएस१ जीनमधे असा पाम तयार करतं. अमेरिकेत त्या उपचाराला ८ डिसेंबर २०२३ ला मंजुरी मिळाली, त्याआधी ३१ ऑक्टोबरला तज्ज्ञांच्या बैठकीत चर्चा ऑफ-टार्गेट कसं तपासलं आणि किती लोकांचे जिनोम धरले यावरच झाली. आता आपल्याकडे बघा. सिकलसेलचे पेशंट गडचिरोलीत आहेत, नंदुरबारमधे आहेत, सगळ्या विदर्भात आहेत, त्यातले कितीतरी आदिवासी समाजांतले, ज्यांचे जिनोम जागतिक डेटाबेसमधे फार कमी आहेत. त्यांच्यासाठी कधी गाइड निवडायचा असेल तर हेक२९३टीमधली स्वच्छ यादी दाखवून भागणार नाही. त्याच समाजातल्या लोकांच्या, त्यांच्या परवानगीने मिळालेल्या डीएनएवर चेंज-सीकसारखं काहीतरी करावं लागेल, किंवा निदान त्यांच्या व्हेरिएंटसह कॉम्प्युटरवर साइट शोधाव्या लागतील. मला हे मनापासून वाटतं, म्हणून विषय थोडा लांबला.

चौथ्या वेळी, म्हणजे गेल्या महिन्यात, ज्युनियरने सगळं ह्याच क्रमाने केलं. आधी एनडीई-वन, मग ४०० नॅनोग्रॅम, फॉर्मवर १६ सायकल, पाण्याचा आणि फक्त टॅगचा कंट्रोल शेवटपर्यंत. दोन रेप्लिकेटमधे १४ आणि १३ साइट्स आल्या, ११ कॉमन. त्या ११ पैकी ९ अॅम्प्लिकॉनमधे पक्क्या झाल्या. उरलेल्या दोनमधे कंट्रोलच्या वर काही दिसलं नाही, त्या यादीतून काढल्या नाहीयेत, तशाच शेऱ्यासह ठेवल्यात, आणि त्या नमुन्याचा उरलेला डीएनए उणे ८० मधे आहे, १०० नॅनोग्रॅमवर परत अॅम्प्लिकॉन करायचाय.